मालकीची गाणी, वहिवाटीची गाणी

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने त्याच्या महाविद्यालयातील बँडचे एक ध्वनिमुद्रण मला ऐकवले. दोन गिटारी, एक बेस, एक ड्रमसेट आणि गाणारी एक मुलगी असा त्यांचा संच आहे, आणि गाणे होते ‘समरटाइम’. ऐकवण्यापूर्वी त्याने सांगितले, “मामा, हे आम्ही केलेलं कव्हर आहे.” कव्हर म्हणजे दुसऱ्याने आधी गायलेले गाणे आपण पुन्हा गाणे. मुलीचा आवाज खरोखरच चांगला होता आणि मी तसे मोकळेपणाने सांगितलेही, परंतु स्वभावाला औषध नसल्यामुळे पाठोपाठ त्याची चूकही काढली. ‘समरटाइम’चे कव्हर होत नसते, कारण ते जॅझमधले स्टँडर्ड आहे, असे मी त्याला ऐकवले. त्याने साहजिकच विचारले की मग दोहोंत फरक काय. “जुनं गाणं, खूप जणांनी गायलेलं, ते स्टँडर्ड,” असे काहीतरी मी बोलून गेलो आणि बोलतानाच मला जाणवले की हे उत्तर लंगडे आहे. जुनी आणि पुष्कळांनी गायलेली अशी कितीतरी गाणी आहेत, ज्यांना कोणी स्टँडर्ड म्हणत नाही. त्या लंगड्या उत्तराची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे.

ज्या गाण्यावरून वाद झाला त्याच गाण्यापासून आरंभ करणे बरे. ‘समरटाइम’ हे जॉर्ज गर्श्विन यांच्या ‘पोर्गी अँड बेस’ या १९३५ सालच्या ऑपेरातील अंगाईगीत आहे आणि त्याचे शब्द ड्यूबोज हेवर्ड यांचे आहेत. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन गावाच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत क्लॅरा नावाची कोळ्याची बायको आपल्या तान्ह्या बाळाला हे गाणे गाऊन झोपवते. न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ते प्रथम अॅबी मिचेल यांनी गायले. पुढे वादळात बाळाचे आई आणि वडील दोघेही जातात, आणि तिसऱ्या अंकात तीच अंगाई त्याच पोरक्या बाळासाठी बेस गाते. म्हणजे हे गाणे मूळ कृतीतच एका स्त्रीच्या ओठांवरून दुसरीच्या ओठांवर गेलेले आहे. मला ही गोष्ट नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

ऑपेरा रंगमंचावर आल्याला वर्ष होण्यापूर्वीच, १९३६ च्या जुलैमध्ये, बिली हॉलिडे यांनी हे गाणे ध्वनिमुद्रित केले. १९३९ मध्ये सिडनी बेशे यांनी ते सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवले. १९५७ मध्ये एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी मिळून गायले. १९५८ मध्ये माइल्स डेव्हिस यांनी गिल इव्हान्स यांच्या वाद्यवृंदासह शब्दांवाचून वाजवले. यांपैकी एकालाही अॅबी मिचेल यांची आठवण करून द्यायची नव्हती आणि ऐकणाऱ्यालाही तशी तुलना सुचत नाही. चाल, तिच्याखालील स्वरसंगतींचा (कॉर्डचा) क्रम आणि शब्द एवढीच सामायिक सामग्री होती. लय, पट्टी, वाद्यमेळ, आरंभ आणि शेवट हे सर्व ज्याचे त्याने ठरवायचे होते.

माझ्या मते फरकाचे मूळ येथे आहे. कव्हर म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात आधीचे एक विशिष्ट ध्वनिमुद्रण असते, आणि नवे गाणे त्याच्या शेजारी ठेवूनच ऐकले जाते. स्टँडर्डच्या बाबतीत असे शेजारी ठेवायला काही नसते, किंवा असलेच तर एकाऐवजी पन्नास असतात. गावाकडे शेतातून जाणारी एखादी पायवाट असते. सातबाऱ्यावर जमीन कोणा एकाच्या नावे असते, परंतु पिढ्यान्‌पिढ्या गाव तेथून जात आलेले असते आणि तो रस्ता वहिवाटीचा होतो. जाणारा प्रत्येकजण मालकाची परवानगी मागत नाही आणि कोण्या आधीच्या वाटसरूच्या पावलांवर पाऊलही ठेवत नाही. स्टँडर्ड हे वहिवाटीचे गाणे आहे. कव्हर म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातून, त्याच्या देखत, जाणे.

ही वहिवाट पडण्यास एक साधे व्यापारी कारण होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील गाणे हे प्रथम छापील कागद म्हणून विकले जात असे. घरोघरी पियानो होते आणि लोक गाण्याची स्वरलिपी विकत आणून वाजवीत. प्रकाशकाचा लाभ गाणे जास्तीत जास्त गायकांनी आणि वाद्यवृंदांनी सादर करण्यात होता, त्यामुळे ब्रॉडवेवरील एखादे नवे गाणे एकाच मोसमात चार-पाच कंपन्यांच्या तबकड्यांवर येई. त्या काळी प्रमाण मानला जाणारा पाठ कागदावर होता. तबकडी ही त्या कागदाची एक वाचना होती. दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओवर तबकड्या वाजू लागल्या, तरुण मंडळी कागदाऐवजी तबकडी विकत घेऊ लागली, आणि हळूहळू तबकडी हीच कृती ठरली. पुढे ध्वनिमुद्रणगृहात तुकड्या-तुकड्यांनी गाणे रचण्याची पद्धत रुळल्यावर तर गिटारीचा विशिष्ट आवाज, प्रतिध्वनी, आरंभीची खाकरदेखील गाण्याचा भाग बनली. अशा गाण्याला कागदावर उतरवले तर अर्धे गाणे कागदाबाहेरच राहते.

कव्हर हा शब्द या दुसऱ्या काळातला आहे, आणि त्याचा आरंभ फारसा सोज्वळ नाही. एका कंपनीचे गाणे चालू लागले की दुसरीने आपला गायक बसवून तेच गाणे घाईने बाजारात उतरवायचे, याला कव्हर म्हणत. पन्नाशीच्या दशकात या धंद्याला वर्णभेदाची जोड मिळाली. फॅट्स डॉमिनो यांचे ‘एन्ट दॅट अ शेम’ १९५५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या स्थानी पोचले, पण सर्वसाधारण यादीत पहिले स्थान पटकावले ते पॅट बून या गोऱ्या गायकाने केलेल्या त्याच गाण्याच्या गुळगुळीत आवृत्तीने. ‘हाउंड डॉग’ हे लीबर आणि स्टोलर या जोडीने बिग मामा थॉर्न्टन यांच्यासाठी लिहिलेले गाणे. १९५३ मध्ये थॉर्न्टन यांनी ते गाजवले. एल्व्हिस प्रेस्ली यांनी १९५६ मध्ये जे गायले ते मात्र थॉर्न्टन यांच्याकडून नव्हे, तर लास व्हेगासमध्ये ऐकलेल्या फ्रेडी बेल यांच्या बँडच्या विनोदी आवृत्तीवरून उचललेले होते. म्हणजे कव्हरचेही कव्हर. तेथे गाण्याची वाट कोणी मोकळी केली नव्हती. एकाची चीजवस्तू उचलून दुसऱ्याच्या दुकानात मांडली जात होती.

यावरून कव्हर म्हणजे हलक्या दर्जाचे काम, असा समज कोणी करून घेऊ नये. कव्हरमध्ये कधीकधी असे काही घडते की महसुली भाषेत त्याला फेरफारच म्हणावे लागेल. ‘रिस्पेक्ट’ हे गाणे ओटिस रेडिंग यांनी १९६५ मध्ये लिहिले आणि गायले. कामावरून घरी येणारा पुरुष त्यात मान मागतो. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिन यांनी तेच गाणे स्त्रीच्या तोंडी घातले, शीर्षकातील शब्दाची अक्षरे एकेक सुटी करून म्हणण्याचा जो तुकडा आज जगाला पाठ आहे तो आपल्याकडचा घातला, आणि त्या दिवसापासून गाणे त्यांचे झाले. बॉब डिलन यांचे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ १९६७ च्या अखेरीस आले. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्स यांनी ते असे वाजवले की पुढे खुद्द डिलन मैफलींत ते हेंड्रिक्स यांच्या वळणाने गाऊ लागले. परंतु नीट पाहिले तर येथे गाणे सर्वांचे झालेले नाही. मालक बदलला, एवढेच. आता जो कोणी ‘रिस्पेक्ट’ गाईल तो रेडिंग यांच्याऐवजी फ्रँकलिन यांच्या अंगणातून जाईल.

कायद्याला मात्र यातील काहीच दिसत नाही. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने अशी सोय केली की गाणे एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले की दुसऱ्या कोणालाही ठरावीक शुल्क भरून ते पुन्हा ध्वनिमुद्रित करता यावे. ते शुल्क तेव्हा प्रतीमागे दोन सेंट होते. हे शुल्क गीतकार-संगीतकाराच्या बाजूला जाते, आधी गाणाऱ्याला त्यातील छदामही मिळत नाही. त्यामुळे थॉर्न्टन यांच्या आवाजाने ओळख मिळालेल्या गाण्याचे पैसे प्रेस्ली यांच्या तबकडीवर लीबर आणि स्टोलर यांना मिळाले, आणि अमेरिकन रेडिओवर फ्रँकलिन यांचे ‘रिस्पेक्ट’ वाजे तेव्हा मानधन रेडिंग यांच्या खात्यात जाई, फ्रँकलिन यांच्या नव्हे. श्रोत्यांच्या दरबारात ‘कसेल त्याची जमीन’ हा न्याय चालतो; कचेरीत तो चालत नाही. ‘समरटाइम’वरील अमेरिकेतील हक्कही अद्याप संपलेले नाहीत, तरीही ते वहिवाटीचे आहे. म्हणून हक्क संपलेली गाणी ती स्टँडर्ड, अशी व्याख्या करू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आपल्याकडील कायदा तर याबाबतीत अधिकच मजेशीर आहे. कॅसेटच्या जमान्यात जुन्या चित्रपटगीतांच्या स्वस्त ‘व्हर्जन’ कॅसेटींनी बाजार भरून गेला होता, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. कॅसेटवर नाव मोठ्या गायकाचे वाटावे अशा बेताने छापलेले असे, आणि घरी येऊन लावल्यावर फसगत कळे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कव्हरसाठी स्वतंत्र कलम आले. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे लोटल्याशिवाय कव्हर करता येत नाही, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींचे स्वामित्वधन भरावे लागते, वेष्टनावर आधीच्या गायकाचे नाव किंवा चित्र देता येत नाही, आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला कोणताही बदल शब्दांत वा चालीत हक्कधारकाच्या संमतीवाचून करता येत नाही. फसवणूक रोखण्यासाठी हे ठीकच आहे. पण शेवटच्या अटीचा अर्थ असा होतो की कायद्याला मान्य असलेले कव्हर हे मुळाबरहुकूमच असले पाहिजे. आणि मुळाबरहुकूम चालून आजवर एकही नवी वाट पडलेली नाही.

स्टँडर्डमध्ये किती मोकळीक घेता येते याचे माझे आवडते उदाहरण म्हणजे सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनी ऑक्टोबर १९३९ मध्ये केलेले ‘बॉडी अँड सोल’चे ध्वनिमुद्रण. जॉनी ग्रीन यांची ही चाल १९३० सालची. हॉकिन्स यांनी पहिल्या काही मात्रांत तिची ओळख करून दिली आणि नंतरची अडीच-तीन मिनिटे चालीकडे वळून न पाहता केवळ तिच्याखालच्या स्वरसंगतींवर नवनवे आलाप रचत गेले. तरीही तबकडी धडाक्याने खपली. ऐकणाऱ्यांच्या मनात मूळ चाल इतकी पक्की होती की ती वाजवून दाखवण्याची गरजच उरली नव्हती. पुढच्या पिढीने तर चाल पूर्णपणेच सोडून दिली. स्वरसंगतींच्या क्रमावर सहसा कोणाचा हक्क लागत नाही, हे ओळखून चार्ली पार्कर यांच्यासारख्या वादकांनी प्रचलित गाण्यांच्या सांगाड्यावर स्वतःच्या नव्या चाली बसवल्या. ‘हाउ हाय द मून’च्या सांगाड्यावर ‘ऑर्निथॉलॉजी’ उभे राहिले आणि ‘चेरोकी’च्या सांगाड्यावर ‘को-को’. जुन्या गाण्याच्या मालकाला द्यायचे शुल्क वाचले, आणि नव्या चालीचे शुल्क स्वतःच्या नावावर लागले.

हे वाचताना जुन्या संगीत नाटकांची पुस्तके हाताळलेल्या वाचकाला काहीतरी ओळखीचे वाटेल. त्या पुस्तकांत पदाच्या वर कंसात ‘चाल’ अशी नोंद असते आणि पुढे एखाद्या ठुमरीचे, लावणीचे किंवा ख्यालाचे पहिले शब्द असतात. पार्कर जुन्या सांगाड्यावर नवी चाल बसवीत. आपले नाटककार जुन्या चालीवर नवे शब्द बसवीत, आणि मुळाचे नाव लपवण्याऐवजी ते वर छापून टाकीत. यमनातील ‘एरी आली पिया बिन’ तर आपल्याकडे गाणे शिकणारे प्रत्येक पोर गाते. मीही वयाच्या दहाव्या वर्षी, सायंकाळच्या शिकवणीत, पाठीत धपाटा खाऊन ते गायिलेले आहे. ते कोणाचे कव्हर आहे, असा प्रश्न त्या पेटीच्या खोलीत कोणाला पडला असता तर दुसरा धपाटा बसला असता. बंदिश ही आपल्याकडील वहिवाटीची वाट आहे यात मला शंका नाही. मात्र तुलना फार ताणू नये. ख्यालात बंदिशीच्या वर रागाचे छत्र असते आणि गायक विस्तार करतो तो रागाचा. जॅझमध्ये वादकाला वरचे छत्र नसते, त्याच्यापाशी त्या एका गाण्याच्या बत्तीस मात्रावर्गांचा सांगाडाच काय तो असतो. बंदिश विसरली तरी यमन उरतो. ‘बॉडी अँड सोल’ विसरले तर हॉकिन्स यांच्या पायाखाली काही उरत नाही.

कागदाचे साम्य मात्र खरे आहे. सत्तरीच्या दशकात बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी प्रचलित स्टँडर्डच्या चाली आणि स्वरसंगती हाताने लिहून एक जाडजूड बाड तयार केले आणि त्याच्या चोरट्या छायाप्रती जगभर पसरल्या. ‘रिअल बुक’ नावाचे हे पुस्तक सर्व हक्कांची पूर्तता करून अधिकृतपणे छापले गेले ते २००४ मध्ये. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी त्यापूर्वी कितीतरी आधी, घराण्यांच्या पेटाऱ्यांत बंद असलेल्या चिजा मिळवून, स्वरलिपीत बांधून, मराठीत ‘क्रमिक पुस्तक मालिका’ काढली. तिच्यात चोरटे काही नव्हते, पण उस्तादमंडळींच्या कपाळावर आठ्या तशाच उमटल्या. दोन्ही पुस्तकांवरची तक्रार एकच असते, की कागदावर सांगाडा येतो, गाणे येत नाही. तक्रार बरोबर आहे. परंतु सांगाडा तेवढा सर्वांच्या हाती देऊन बाकीचे प्रत्येकावर सोपवले, म्हणून तर वहिवाट पडली.

मुंबईलाही ही वाट ठाऊक होती. तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक येऊन वाजवीत, आणि त्यांच्या जोडीला गोव्याचे वादक बसत. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेली ही मंडळी छापील कागद समोर आला की वाजवू शकत; हळदोण्याचे चिक चॉकलेट हे त्यांतील सर्वांत गाजलेले ट्रम्पेटवादक, जे पुढे सी. रामचंद्र यांच्यासाठीही वाजवत असत. सातासमुद्रापलीकडचे हे गाणे मुंबईत परके राहिले नाही, कारण त्याच्यासोबत कोणा एका गायकाचा आवाज सक्तीने येत नव्हता.

आता माझ्या पहिल्या व्याख्येकडे, म्हणजे ‘खूप जणांनी गायलेलं’ या कसोटीकडे वळतो. बीटल्सचे १९६५ चे ‘यस्टरडे’ दोन हजारांहून अधिक वेळा इतरांनी ध्वनिमुद्रित केलेले आहे. तरीही माझ्या कानांना ते आजही पॉल मॅकार्टनी यांचे गाणे वाटते, आणि दुसरा कोणीही ते गाऊ लागला की मन आपोआप त्या चार तंतुवाद्यांची वाट पाहू लागते. संख्येने वहिवाट पडत नाही. याउलट लेनर्ड कोहेन यांच्या ‘हॅलेलुया’चे उदाहरण पाहावे. १९८४ मध्ये ते आले तेव्हा त्यांच्या कंपनीने तो अल्बम अमेरिकेत प्रसिद्ध करण्याचेच नाकारले होते. कोहेन यांनी या गाण्यासाठी कडव्यांचा ढीग लिहून ठेवला होता. जॉन केल यांनी १९९१ मध्ये त्यातून आपल्याला हवी ती कडवी निवडून पियानोवर गायिली, जेफ बकली यांनी केल यांच्यावरून ते उचलून १९९४ मध्ये गिटारीवर गायिले, आणि तेव्हापासून प्रत्येक गायक आपापली कडवी निवडत आला आहे. मूळ ध्वनिमुद्रण असूनही त्याचा धाक नाही आणि शब्दांचाही एक ठरलेला पाठ नाही. तबकडीच्या युगात जन्मून वहिवाटीला लागलेले हे दुर्मीळ गाणे आहे, असे मी म्हटले असते. पण हल्ली स्पर्धांमधून ते गाणारे बहुतेकजण बकली यांचा सुस्कारादेखील जसाच्या तसा घेतात, त्यामुळे या गाण्याला पुन्हा कुंपण पडत आहे, अशी मला भीती वाटते.

इतका विचार करून झाल्यावर मी भाच्याला दूरध्वनी केला आणि माझे सुधारित उत्तर बऱ्याच विस्ताराने ऐकवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. मग मी सहज विचारले की तुम्ही हे गाणे कोठून बसवले. उत्तर आले, रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन यांच्या १९६८ च्या ध्वनिमुद्रणावरून. मी ते पुन्हा लावून ऐकले. आरंभी दोन गिटारी एकमेकींत गुंतत जातात आणि बाखच्या एखाद्या रचनेची आठवण होते. मग तो फाटका, काळजाला ओरखडा काढणारा आवाज येतो. मुलांनी यातील एकही वळण सोडले नव्हते. दोन गिटारींचा तो तुकडा त्यांनी स्वरानुस्वर उतरवला होता, आणि गाणाऱ्या मुलीने जॉप्लिन जेथे आवाज फोडतात नेमका तेथेच आपला आवाज फोडला होता. गर्श्विन यांचे नाव त्यांच्यातील दोघांनी ऐकलेलेही नव्हते.

तेव्हा चूक माझीच होती, आणि ती मी त्याच्याजवळ कबूल केली. स्टँडर्डचेही कव्हर होऊ शकते. त्यांनी केले होते ते ‘समरटाइम’चे नव्हे, तर जॉप्लिन यांच्या ‘समरटाइम’चे कव्हर होते, आणि ते उत्तम होते. कव्हर आणि स्टँडर्ड हे गाण्याच्या कपाळावर मारलेले शिक्के नसून गाणारा कोठून निघतो यावर ते ठरते, हे त्या पोराने मला न बोलता शिकवले. नंतर मी त्याला गाण्याचा एका पानाचा कागद पाठवला: चाल, स्वरसंगती, शब्द. दुसऱ्या दिवशी त्याचा संदेश आला, “मामा, यात सुरुवातीचं गिटार कुठे आहे?”

मी कळवले की ते कागदावर नाही, तुम्हालाच बसवावे लागेल. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.